गुलामी सुटली, पण उतरंड राहिली

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत पालकांच्या सभेपुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



सुगीचे दिवस आहेत, खळ्यावर काम पडलें आहे, तरी तुम्ही मंडळी वेळ काढून आलांत. तेव्हां आढेवेढे न घेतां मी मुद्द्याला हात घालतों. आजचें माझें भाषण अमेरिकेंतील काळ्या लोकांविषयीं आहे. हें ऐकतांच पाठीमागें बसलेल्या एकदोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, तें मला दिसलें. "मास्तर, आमच्या विहिरीनें तळ गांठला, आणि तुम्ही सातासमुद्रांपलीकडची कथा लावतां काय?" असें त्यांच्या मनांत आलें असेल. त्यांनीं थोडा दम धरावा. हा विषय मीं शोधून काढलेला नाहीं. तुमच्याच एका लेकीनें तो माझ्यापुढें टाकला आहे.

मागल्या महिन्यांत सातवीच्या वर्गांत मी जोतीराव फुल्यांची माहिती सांगत होतों. अमेरिकेंत १८६५ सालीं कायद्यानें गुलामी बंद झाली. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८७३ सालीं, जोतीरावांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें आणि गुलामांच्या सुटकेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील भल्या लोकांना तें अर्पण केलें. पुण्यांत बसून या माळ्याच्या मुलानें केवढ्या लांबच्या माणसांचें दुःख आपलें मानलें, हें मी मुलांना रंगवून सांगत होतों. तेवढ्यांत शेवटच्या ओळींतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मग ते लोक सुटल्यावर आपसांत सगळे सारखे झाले का?"

मीं म्हटलें, "झाले कीं!" आणि घंटा झाली. पण घरीं गेल्यावर तो प्रश्न मला भाकरी गोड लागूं देईना. मिळालीं तीं पुस्तकें मीं वाचलीं. तेव्हां कळलें कीं, मीं वर्गांत खोटें बोललों होतों. पोरीला खरें उत्तर द्यावयाचें माझ्याकडे राहिलें आहे, आणि तें तिच्या आईबापांच्या देखत द्यावें म्हणून आज येथें उभा आहें.

आधीं ही भानगड उपजली कशी तें पाहूं. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांना गोऱ्या मळेवाल्यांनीं तंबाखूच्या, भाताच्या आणि पुढें कापसाच्या शेतांत जुंपलें. मालकाच्या घरांत त्या बायकांच्या अब्रूला कसलेंच कुंपण नव्हतें. त्यांच्या पोटीं मालकाचींच मुलें जन्मलीं. इंग्रजांची जुनी रीत अशी कीं मूल बापाच्या कुळावरून ओळखावें. पण त्या रीतीनें मालकाचीं हीं मुलें स्वतंत्र ठरलीं असतीं! म्हणून व्हर्जिनिया वसाहतीनें १६६२ सालीं कायदाच फिरविला. आई गुलाम तर मूल गुलाम, असें ठरविलें. आपलेंच रक्त, पण हिशेबाच्या वहींत तें गुराढोरांच्या रकान्यांत गेलें. जुलूम केला त्यानें, आणि वर वासराचा धनीही तोच!

आतां या मुलांचा रंग उजळ होई. मालकाला त्यांत आपली छाया दिसे, म्हणून म्हणा किंवा उन्हांत राबणाऱ्यांत फूट पडावी म्हणून म्हणा, पुष्कळ ठिकाणीं त्यांना घरकाम मिळे, सुतारकीसारखें एखादें हुन्नर शिकावयास मिळे, आणि कधीं मालक मरतांना त्यांना मोकळेंही करून जाई. गडद कातडीचा भाऊ शेतांत चाबूक खाई. घरकाम म्हणजे सुख होतें असें मात्र कोणी समजूं नका. मालकाच्या नजरेखालीं रात्रंदिवस राहणाऱ्या बाईला काय सोसावें लागलें, तें तिचें तिलाच ठाऊक. तरीपण एकाच साखळदंडांतील दोन कड्यांपैकीं एकीला मुलामा चढविला, म्हणजे ती दुसरीकडे तुच्छतेनें पाहूं लागते. मालकाला हेंच हवें होतें.

सरकारनेंही या भेदावर शिक्का मारला. १८५० सालच्या खानेसुमारींत अमेरिकन सरकारनें काळ्यांबरोबर 'मुलाटो', म्हणजे मिश्र रक्ताचा, असा वेगळा रकाना घातला. १८९० सालीं तर कळस झाला. चौथाई काळें रक्त असेल तो 'क्वाड्रून' आणि आठवा हिस्सा असेल तो 'ऑक्टोरून' अशी वांटणी लिहून घेतली. दूधवाला मापानें दूध घालतो, तसें हे लोक माणसाचें रक्त पाव-अदपावानें मोजीत होते. आणि गंमत अशी कीं, आठवा हिस्सा निघाला तरी त्याला पुष्कळ ठिकाणीं गोऱ्यांच्या पंक्तींत पान नव्हतें.

आतांपर्यंत मीं गोऱ्यांचें सांगितलें. तें सांगणें सोपें आहे. यापुढचें सांगणें अवघड आहे, आणि मुलीच्या प्रश्नाचें उत्तरही त्यांतच आहे.

दक्षिण कॅरोलिना प्रांतांत चार्ल्सटन म्हणून बंदर आहे. तेथें १७९० सालीं स्वतंत्र झालेल्या उजळ रंगाच्या लोकांनीं 'ब्राउन फेलोशिप सोसायटी' नांवाची संस्था काढली. गोऱ्यांच्या देवळांत त्यांना बरोबरीची जागा नव्हती, मेल्यावर स्मशानांत जागा नव्हती. म्हणून त्यांनीं विधवांना मदत, पोरक्या मुलांचें शिक्षण आणि स्वतःची दफनभूमि अशी सोय केली. काम चांगलें होतें, त्याला कोण नांव ठेवील? पण दारावर अट होती. रंग गडद असेल त्याला आंत घेत नसत. शेवटीं गडद रंगाच्या स्वतंत्र लोकांनीं १८४३ सालीं आपली निराळी संस्था उभी केली. एकाच गांवांत, एकाच गोऱ्याच्या अंमलाखालीं, एकाच अपमानानें पोळलेलीं माणसें. पण मेल्यावरही मातीस माती लागूं द्यावयाची नाहीं!

गुलामी गेली तरी ही संवय गेली नाहीं. शहरांतून उजळ रंगाच्या सुशिक्षित कुटुंबांचीं मंडळें झालीं. त्यांच्यांत सोयरिकी आपसांत होत. कागदाची तपकिरी पिशवी तोंडाशीं धरून तिच्याहून रंग काळा असेल त्याला दारांतून परत लावीत, केसांतून फणी सहज फिरली नाहीं तरी परत लावीत, अशा आठवणी काळ्या समाजांतील वृद्ध माणसें सांगत आलीं. ही परीक्षा दप्तरांत लिहून ठेवीत नसत. पण ज्याला परत लावलें, त्याच्या घरांत ती तीन पिढ्या विसरली जात नाहीं.

शाळाही यांतून सुटल्या नाहींत. नॅनी हेलन बरोज नांवाची एक हुशार काळी मुलगी वॉशिंग्टन शहरांत शिकली. शिकून तिनें तेथल्याच शाळाखात्यांत शिक्षिकेची जागा मागितली. ती मिळाली नाहीं. आपला रंग गडद म्हणून जागा गेली, असें तिचें मत झालें, आणि त्या वेळीं काळ्यांच्या शाळांत उजळ रंगाच्या घराण्यांचें वजन होतें हें जगजाहीर होतें. दुसरी एखादी रडत घरीं बसली असती. बरोजबाईनें १९०४ सालीं लेख लिहून काळ्या समाजालाच खडसावलें कीं, रंग पाहूं नका, शील पाहा. आणि तोंडाला रंग उजळण्याचीं औषधें फांसणाऱ्या बायाबापड्यांचीही तिनें गय केली नाहीं. पुढें १९०९ सालीं तिनें वॉशिंग्टनमध्यें मुलींसाठीं स्वतःची शाळा काढली आणि कष्टकऱ्यांच्या लेकींना आपल्या पायांवर उभें केलें. त्याच काळांत खुद्द काळ्यांच्या वृत्तपत्रांतून गोरें करणाऱ्या मलमांच्या जाहिराती छापून येत. एका पानावर 'आपली जात उठली पाहिजे' आणि दुसऱ्या पानावर 'आपली कातडी बदलली पाहिजे'! वाचणाऱ्यानें कोणतें पान खरें मानावें?

या भेदाला दुसरीही धार आहे, ती लपवूं नये. उजळ रंगाच्या मुलाला 'तूं आमच्यांतला नव्हेस, तूं अर्धा गोरा' असें हिणविणारेही तेथें आहेत. शंभर वर्षांपूर्वीं मार्कस गार्वी आणि डब्ल्यू. ई. बी. डु बोईस या काळ्यांच्या दोन मोठ्या पुढाऱ्यांत भांडण लागलें. गार्वी गडद रंगाचा, डु बोईस मिश्र रक्ताचा. वाद राजकारणाचा होता, पण १९२० नंतरच्या त्या धुमश्चक्रींत दोघांनींही एकमेकांच्या कातडीवर आणि रूपावर चिखल उडविला. एवढीं विद्वान माणसें, पण राग आल्यावर हातीं सांपडला तो मळेवाल्याचाच चाबूक!

आतां लहान मुलांकडे वळूं, कारण तुमचा आमचा धंदा मुलांचा आहे. केनेथ क्लार्क आणि त्यांची पत्नी मेमी क्लार्क हीं दोघें काळ्या समाजांतील मानसशास्त्राचीं पंडितें. त्यांनीं तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढें चार बाहुल्या ठेवल्या. त्यांपैकीं दोन तपकिरी आणि दोन गोऱ्या होत्या. रंगावांचून दुसरा फरक नव्हता. मग विचारलें: तुला कोणती खेळायला आवडते? कोणती चांगली? कोणती वाईट दिसते? हें काम १९४७ सालीं छापून प्रसिद्ध झालें. शेंकडा ६७ मुलांनीं खेळायला गोरी बाहुली उचलली. शेंकडा ५९ मुलांनीं तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणून दाखविली. सर्वांत शेवटीं प्रश्न होता: तुझ्यासारखी कोणती? तेव्हां कित्येक मुलें गोंधळलीं, कांहीं रडलीं. नुकतेंच जिला वाईट म्हटलें तीच आपल्यासारखी, हें कोणत्या तोंडानें सांगावें?

या बाहुल्यांची साक्ष पुढें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचली, आणि १७ मे १९५४ रोजीं न्यायालयानें काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. ही गोष्ट आतां अमेरिकेंतील मुलांना शाळेंत शिकवितात. पण त्याच कागदांत आणखी एक तपशील आहे, त्याकडे फारसें कोणी बोट दाखवीत नाहीं. क्लार्क पतिपत्नींनीं मुलांची उजळ, मध्यम आणि गडद अशी प्रतवारीही केली होती. 'तुझ्यासारखी कोणती' या प्रश्नाला गडद रंगाच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ जणांनीं तपकिरी बाहुली दाखविली, मध्यम रंगाच्यांपैकीं शेंकडा ७३ जणांनीं, आणि उजळ रंगाच्यांपैकीं अवघ्या शेंकडा २० जणांनीं. उजळ मुलांना आपला रंग गोऱ्या बाहुलीच्या जवळचा दिसला, त्यांत त्यांचा दोष नाहीं. पण ज्या वर्गांत 'गोरी ती चांगली' हें पोरांनीं आधींच ठरविलें आहे, त्या वर्गांत शेजारीशेजारी बसलेल्या दोन काळ्या मुलांची किंमत एकमेकांच्या डोळ्यांत सारखी राहील काय? आणखी एक लक्षांत घ्या. उत्तरेकडील मिश्र शाळांतल्या मुलांनींही गोऱ्या बाहुलीलाच पसंती दिली, उलट दक्षिणेपेक्षां कांकणभर जास्तच. म्हणजे एका बांकावर बसविलें कीं काम झालें, असें नव्हे.

न्यायालयानें शाळेचें दार उघडलें, तें फार मोठें काम झालें. मनाचें दार उघडणारा हुकूम मात्र कोणत्याही न्यायालयाला काढतां येत नाहीं. तें काम मास्तराचें आणि आईबापांचें.

"हें सगळें जुनें झालें" असें कोणी म्हणेल. जुनें झालें असतें तर मला आनंद होता. १९६० नंतरच्या दशकांत 'काळें तेंच सुंदर' अशी हांक काळ्या तरुणांनीं दिली, केस आहेत तसे राखले, आणि पुष्कळ मनें सरळ झालीं. पण १९८२ सालीं ॲलिस वॉकर या लेखिकेला या आंतल्या भेदाला 'कलरिझम' असें वेगळें नांव द्यावें लागलें. रोग ओसरला असता तर नांव कशाला हवें होतें? १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांत वंश आणि रंग हे दोन शब्द निराळे घातले आहेत. त्याच्या आधारें एका काळ्या माणसाच्या वागणुकीबद्दल दुसऱ्या काळ्या माणसाला रंगभेदाचा दावा चालवितां येतो, असें १९८९ सालीं अटलांटाच्या न्यायालयानें मान्य केलें. आणि २०१३ सालीं हॅनन, डीफीना आणि ब्रुक या समाजशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, शाळेंतून कांहीं दिवस काढून टाकण्याची शिक्षा सर्वांत गडद रंगाच्या काळ्या मुलींच्या वांट्याला येण्याचा संभव, सर्वांत उजळ रंगाच्या काळ्या मुलींच्या मानानें, सुमारें तिप्पट होता. तेथील शिक्षकवर्गांत गोऱ्यांचा भरणा मोठा, तेव्हां हा दोष केवळ काळ्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. पण मोजपट्टी तीच जुनी, मळ्यावरची!

मग तेथील मास्तरांनीं हा विषय वर्गांत शिकवावा कीं नाहीं? येथें खरा पेंच आहे, आणि तो मला आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

काळ्या समाजांतील पुष्कळ शहाणीं, सोसलेलीं माणसें म्हणतात, नको. त्यांचें म्हणणें असें: "आमच्या वर्गांत गोरीं मुलेंही बसतात. त्यांच्यापुढें आमच्या घरांतली लक्तरें वेशीवर टांगलीं, तर तीं उद्यां म्हणतील, पाहा, हेच एकमेकांना हिणवितात, मग आम्हांला कशाला दोष देतां? ज्याला आमच्यावर काठी उगारावयाची आहे, त्याच्या हातीं आम्हीं आपणहून काठी कां द्यावी?" बंधूंनो, हें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. २०२१ पासून टेक्सस, फ्लोरिडा वगैरे राज्यांनीं वंशाचा विषय शाळेंत कसा शिकवावा यावर कायद्यानें बंधनें घातलीं. २०२३ च्या जानेवारींत फ्लोरिडाच्या शिक्षणखात्यानें काळ्या लोकांच्या इतिहासाचा वरच्या वर्गांसाठीं तयार केलेला नवा अभ्यासक्रमच नाकारला. बाहेरचा अन्याय शिकविण्यालाच जेथें आडकाठी, तेथें आंतला अन्याय शिकविला तर लोक तेवढाच उचलून धरतील, ही भीति खोटी नव्हे.

तरी माझें मत पडतें कीं, शिकवावें. कारण शिकविलें नाहीं म्हणून मूल तें शिकल्यावांचून राहत नाहीं. तें आजीच्या तोंडून शिकतें, मधल्या सुटींत शिकतें, जाहिरातींत शिकतें. फरक एवढाच कीं, तेथें त्याला भेद कळतो, पण भेदाचें मूळ कळत नाहीं. 'काळी' म्हणून चिडविलेल्या पोरीला वाटतें, खोट माझ्या अंगांत आहे. तिला १६६२ चा कायदा कोणी सांगितला, १८५० चा रकाना कोणी दाखविला, तर तिला कळेल कीं, ही खोट माझी नव्हे. दुसऱ्यानें आपल्या फायद्यासाठीं हा माल तयार केला आणि तो आमच्या घरांत आणून टाकला. गोऱ्या मुलालाही तेंच कळेल. त्याच्या हातीं काठी जाणार नाहीं. ती काठी कोणत्या झाडाची, तें झाड कोणीं लावलें, हें त्याला ऐकावें लागेल. गप्प बसण्यानें काठीवाल्याची सोय होते. रोग झांकला म्हणून तो शेजाऱ्याला दिसत नसेल, पण रोग्याला तर दुखतोच ना?

पण शिकविण्याचीही रीत असते. नांगर सगळेच धरतात, सरळ तास थोड्यांनाच साधतो. मला जें समजलें तें असें. पहिली गोष्ट, इतिहास आधीं सांगावा आणि मुलांची मतें मागून विचारावीं. नाहींतर नुसता चिडवाचिडवीचा फड होतो. दुसरी गोष्ट, वर्गांतील कोणत्याही मुलाला उभें करून नमुना म्हणून दाखवूं नये. "तूं गडद आहेस, तुला काय वाटतें सांग" असें विचारणारा मास्तर जखमेवर मीठ चोळतो. त्यासाठीं गोष्टींचीं पुस्तकें आहेत. केनियांत वाढलेली नटी लुपिता न्योंगो हिनें २०१९ सालीं 'सुल्वे' हें लहान मुलांचें चित्रांचें पुस्तक लिहिलें. घरांत सर्वांहून काळी असलेली मुलगी रंग खोडून काढूं पाहते आणि मग रात्रीची थोरवी तिला उमगते, अशी ती गोष्ट आहे. त्याच वर्षीं अलिशिया विल्यम्स या बाईची 'जेनेसिस बिगिन्स अगेन' ही तेरा वर्षांच्या मुलीची कादंबरी निघाली. मोठ्या मुलांना १९२९ सालची वॉलेस थर्मनची आणि १९७० सालची टोनी मॉरिसनची कादंबरी आहे. निळ्या डोळ्यांसाठीं झुरणारी मॉरिसनबाईंची ती लहानगी पेकोला ज्यानें वाचली, तो पुन्हां कोणाला रंगावरून हिणविणार नाहीं. मूल पुस्तकांतल्या मुलीविषयीं बोलतें आणि मनांत स्वतःचा गुंता सोडवितें.

तिसरी गोष्ट, दोन्ही बाजू सांगाव्या. उजळ मुलाला चोर ठरवूं नये. पणजीवर झालेल्या जुलमाचें तेंही मूल आहे. त्याला एवढेंच शिकवावें कीं, पायाखालची पायरी तूं बांधली नाहींस, पण तिच्यावर उभा राहून खालच्याला लाथ मारूं नकोस.

आणि चौथी गोष्ट सर्वांत कठीण. मास्तरानें आधीं स्वतःची वही तपासावी. आपण पुढच्या बांकावर कोणाला बसवितों? शिक्षा कोणाला करतों? पाहुणे आले म्हणजे हार घालावयास कोणाला उभें करतों? काळ्या लोकांचे इतिहासकार कार्टर वूडसन यांनीं १९२६ सालीं काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. त्याचाच आज महिना झाला आहे. १९३३ सालीं त्यांनीं पुस्तक लिहून बजावलें कीं, स्वतःला हलकें मानावयास शिकविणारें शिक्षण हा गुलामीचाच दुसरा फेरा आहे. वर्षांतून महिनाभर थोर पुरुषांच्या तसबिरी लावावयाच्या आणि अकरा महिने जुनीच मोजपट्टी चालवावयाची, हें शिक्षण नव्हे.

येथपर्यंत मी अमेरिकेचा मास्तर काय करतो तें बोललों. आतां या गांवच्या मास्तराची वही उघडतों.

गेल्या स्नेहसंमेलनांत आम्हीं सावित्रीबाईंवर छोटें नाटक बसविलें. एका मुलीला सगळें भाषण तोंडपाठ होतें. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. पण मीं सावित्रीबाईंचें काम दुसरीला दिलें. कां दिलें? त्या वेळीं मीं मनाशीं म्हटलें, "ही दिव्याखालीं चांगली दिसेल." रंगानें उजळ म्हणून चांगली दिसेल, एवढाच त्याचा अर्थ. पाठ असलेली पोर पडद्यामागें उभी राहून दुसरीला शब्द पुरवीत होती. ज्या माउलीनें दगडशेण झेलून मुलींना शिकविलें, तिच्याच नाटकांत मीं कातडी पाहून माणूस निवडलें! अमेरिकेचा इतिहास वाचतांना मला मळेवाल्याचा राग येत होता, आणि वाचतां वाचतां ती पडद्यामागची मुलगी माझ्यापुढें येऊन उभी राहिली. त्या दिवशीं वर्गांत 'सुटल्यावर आपसांत सारखे झाले का' हा प्रश्न विचारणारी मुलगी तीच. तो प्रश्न तिनें अमेरिकेविषयीं विचारला होता कीं माझ्याविषयीं, हें मला आजपर्यंत कळलेलें नाहीं. ती आज येथें बसली आहे. तिची, आणि तिच्या आईबापांची, मी सर्वांदेखत माफी मागतों.

बंधूंनो, अमेरिकेची गोष्ट म्हणजे आपलीच गोष्ट, असें मी म्हणणार नाहीं. त्यांचें दुःख त्यांचें आहे. तें चाबकाचें आणि लिलावाचें दुःख आहे, आपण त्यावर मालकी सांगूं नये. पण दुःखितांनीं दुःखितांकडून शिकावें, ही वाट आपल्या वडीलधाऱ्यांनींच घालून दिली. जोतीरावांनीं १८७३ सालीं अर्पणपत्रिका लिहिली. १९४६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याच डु बोईसांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या प्रश्नाची चौकशी केली, आणि डु बोईसांनीं आपुलकीनें उत्तर धाडलें. त्यांच्यापासून शौर्य शिकावें, तशी चूकही शिकावी. कुंभारदादा येथें बसले आहेत, त्यांना विचारा. उतरंडींतलें प्रत्येक मडकें वरच्याच्या भाराखालीं कण्हतें, आणि आपला भार खालच्यावर टाकून मोकळें होतें. सर्वांत वरचें मडकें काढून फोडलें, तरी उतरंड उतरंडच राहते. एक कमी होतें, एवढेंच.

तुमच्याकडे मला फार मागावयाचें नाहीं. दोनच गोष्टी मागतों. मायबहिणींनो, पोर जन्माला आल्याबरोबर 'रंग कोणावर गेला' असें विचारूं नका. 'बाळबाळंतीण सुखरूप आहेत ना' एवढें विचारा. आणि घरांत कोणी मुलीला 'काळी' म्हणून हांक मारीत असेल, लाडानें का होईना, त्याला उद्यांपासून तिच्या नांवानें हांक मारावयास लावा. नांव ठेवतांना आपण बारा दिवस विचार करतों, तें वापरण्यासाठींच ना?

शेवटीं त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर. बाळ, तूं विचारलेंस, सुटल्यावर ते आपसांत सारखे झाले का? खरें उत्तर असें आहे: लगेच झाले नाहींत, अजून पुरते झालेले नाहींत. पण त्यांच्यांत बरोजबाईसारखीं माणसें निघालीं, त्यांनीं गोऱ्यांशीं भांडतां भांडतां आपल्या लोकांनाही खरें सुनावलें, आणि आज तेथील कित्येक मास्तर आपल्या वर्गांत तेंच काम करीत आहेत. त्यांच्या ओळींत तुझा हा मास्तर फार उशिरां येऊन उभा राहिला आहे. येत्या संमेलनांत नाटकांतलीं कामें पाठांतर ऐकून वांटलीं जातील. तें ऐकावयास तुम्हां पालकांपैकीं दोघांनीं यावें, आणि मीं पुन्हां चूक केली तर जागच्या जागीं माझा हात धरावा.